एकेचाळीस अंशांवर उघडणारी

मी एक जुनी पिशवी आहे. जुनी म्हणजे तीन आठवड्यांची. हसू नका मित्रांनो, आमच्यात तीन आठवडे म्हणजे म्हातारपणच. आणि पिशवी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भाजीची पिशवी आली असेल, तर तीही बाजूला ठेवा. तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या. त्याच्या जाडीत माझ्यासारख्या आठशे पिशव्या शेजारी शेजारी मावतात. माझी भिंत चरबीची आहे आणि पोटात विष आहे. हो, विषच. मोठी माणसे त्याला औषध म्हणतात आणि तेही खोटे नाही. पण अर्धेच खरे सांगितले की काय होते ते मी आज पाहिले आहे, म्हणून तुमच्याशी सरळ बोलते. मी मारण्यासाठी जन्मले. कुणाला आणि कुठे, एवढाच काय तो माझ्या आयुष्यातला प्रश्न.

माझा जन्मही आदळआपटीतच झाला. एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी गोल बुडाच्या काचेच्या भांड्यात चरबीचा पातळ थर वाळवला, त्यावर गरम पाणी ओतले आणि भांडे गदागदा हलवले. आम्ही लाखो-करोडो भावंडे एकाच झटक्यात जगात आलो. तेव्हा आम्ही ओबडधोबड होतो. कुणी कांद्यासारखे पापुद्र्यांचे, कुणी नुसतेच फुगलेले. मग बाईंनी आम्हाला एका चाळणीतून दाबले. चाळणी कसली, तिची भोके आमच्यापेक्षा लहान! मागून यंत्राचा रेटा आणि पुढे ते भोक. अंग टराटरा फाटायचे आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा जुळायचे. असे दहा वेळा झाले. दहाव्या वेळेनंतर आम्ही सगळ्या एका मापाच्या झालो. त्यानंतर पोटात विष भरले. लालभडक. आत शिरताना ते पाण्यासारखे होते, पण आत आल्यावर गोठून त्याची सुई झाली. तेव्हापासून मी पोटात सुई घेऊन जगते आहे.

माझी भिंत साधी नाही. तुमचे निरोगी अंग सदतीस अंशांच्या आसपास असते, तिथे ती घट्ट राहते. एकेचाळीसला ती वितळते आणि सुई बाहेर पडते. दुखण्याच्या जागी यंत्राने तेवढीच ऊब द्यायची, बाकीचे अंग गार ठेवायचे, म्हणजे विष नेमके तिथेच सांडते, अशी ही युक्ती. आमच्याआधी हेच विष मोकळे सोडत. ते शरीरभर हिंडून केस उपटायचे, तोंड सोलायचे, आणि हृदयावर तर त्याचा खास दात.

बाई आमच्या बाटलीशी बोलायच्या. "सदतीसला गप्प बसायचं, एकेचाळीसला तोंड उघडायचं. कळलं का गं?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसून म्हणाल्या, "बाटलीशी काय बोलतेस?"

"मग कुणाशी बोलू? घरी कोण ऐकतंय माझं?"

तिथून मी रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये आले. फ्रीजमधले दिवस उपेक्षेचे होते. दार उघडायचे, हात आत यायचा, शेजारची बाटली उचलून जायचा. दोनदा असे झाले की माझ्या भावंडांची सलाईनची पिशवी भरून तयार झाली, आणि तासाभराने तीच पिशवी तशीच परत आली. एकदा भरले की आम्ही फार वेळ टिकत नाही.

"परत ताप?" औषधे भरणारा माणूस फोनवर विचारायचा. "बरं. टाकून देतो."

आणि माझी भावंडे, ज्यांनी दहा दहा वेळा अंग फाडून घेतले होते, ती कुणाच्याही उपयोगी न पडता औषधांच्या कचऱ्याच्या डब्यात गेली. दोन्ही वेळा ज्या मुलीचा ताप आडवा आला ती एकच होती. तिसऱ्या वेळी तिच्यासाठी माझी बाटली निघाली.

मी सलाईनच्या पिशवीत, दांडीवर टांगलेली, आणि खाली ती. नऊ वर्षांची, डोक्यावर एक केस नाही, उजव्या मांडीत गाठ. सगळे तिला इन्स्पेक्टर म्हणत, कारण तिच्याकडे एक वही होती आणि त्या वहीत ती सगळ्यांना मार्क द्यायची.

"सिस्टर, हात धुतले?"

"धुतले हो."

"दाखवा."

सिस्टरनी दोन्ही तळवे पुढे केले. "नखांतपण बघ गं बाई. नाहीतर वरपर्यंत तक्रार करशील."

इन्स्पेक्टरने नखे पाहिली आणि लिहिले: सिस्टर, नऊ. मग काचेच्या खिडकीपलीकडे बसलेल्या यंत्रचालकाकडे पाहून लिहिले: मशीनवाले दादा, केस विंचरले नाहीत, तीन.

"अन्याय आहे हा!" भिंतीतल्या स्पीकरमधून दादा म्हणाले. "ज्यांना केस आहेत त्यांच्यावरच का राग?"

ती खुदकन हसली. तिची आई हसली नाही.

आई उशाशी स्टुलावर बसली होती. तरुण होती, पण तिचे डोळे थकलेले होते. सिस्टरनी कागद पुढे ओढून नेहमीचे प्रश्न विचारले. "ताई, रात्री-सकाळी ताप?"

"नाही."

"सकाळपासून कसलं औषध दिलंय? तापाचं, दुखण्याचं?"

"नाही नाही. काहीच नाही."

इन्स्पेक्टरने मान वळवून आईकडे पाहिले. मग काही न लिहिता वही मिटली. आईने तिच्या कपाळाला हात लावला. दोन मिनिटांनी पुन्हा लावला. मित्रांनो, जिला मुलीला ताप नाही हे पक्के ठाऊक असते, ती आई दर दोन मिनिटांनी कपाळाला हात लावत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण पिशवीला विचारतो कोण!

मांडीवर पाण्याची गादी बांधली, तिच्याभोवती यंत्राच्या पट्ट्या आल्या. एक तापमापकाची तार मांडीत, दुसरी कानात. मांडीचा आकडा एकेचाळीसवर पोचला, सिस्टरनी नळीची कळ सोडली, आणि आम्ही थेंब थेंब खाली उतरलो.

रक्तात शिरणे म्हणजे काय ते कसे सांगू! पूर आलेल्या नदीत तुम्हाला कुणीतरी ढकलून दिले आहे, नदी गरम आहे आणि दर ठोक्याला मागून लाथ बसते आहे. पहिल्याच फेरीत आम्ही यकृतात गेलो. तिथे पहारेकरी पेशी दबा धरून बसलेल्या असतात. अनोळखी काही दिसले की झडप घालायची आणि सबंध गिळायचे, हे त्यांचे काम. आमच्या अंगावर केसाळ आवरण आहे, त्यामुळे आम्ही सहसा ओळखू येत नाही. तरी ज्यांचे आवरण विरळ होते त्यांना माझ्या देखत ओढून नेले. माझ्या पुढची बहीण अर्धी त्या पेशीच्या तोंडात होती आणि अर्धी बाहेर, आणि मी तिच्या अंगावरून घसरत पुढे गेले. थांबता येत नाही, मित्रांनो. रक्तात कुणालाही थांबता येत नाही.

तिथेच, यकृताच्या दारात, मला काही कण भेटले. दमलेले आणि मोजकेच. ते तापाच्या औषधाचे होते.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारले.

"सकाळी साडेसहाला आलो," त्यातला एक म्हणाला. "पोरगी पीत नव्हती. आईने गुडघ्यात दाबून धरली, नाक दाबलं आणि चमचा घातला. निम्मे तर उशीवरच सांडलो."

"ताप किती होता?"

"साडेअडतीस. घसा सुजलाय. आम्ही दाबून ठेवला होता. आता आम्ही संपत आलो."

एवढे बोलून तोही यकृतात ओढला गेला.

मला सगळे कळले. बाहेर ज्या आकड्याला सगळे निरोगी समजत होते तो उसना होता. हे कण संपले की ताप उसळणार. आमच्या भिंती एकेचाळीसला वितळतात खऱ्या, पण एकोणचाळीसपासूनच त्या मऊ पडू लागतात. मग आम्ही मांडीत पोचायची वाट पाहणार नाही. जिथे असू तिथे फुटू. आणि दर मिनिटाला आम्ही कुठून जात होतो? हृदयातून.

मला ओरडून सांगायचे होते. पण माझ्या पोटात सुई आहे, तोंड नाही.

"अंगाचं अडतीस झालं," स्पीकरमधून दादांचा आवाज आला. रक्तातही आवाज पोचतो, हाडांमधून घुमत येतो. "मशीन लावलं की थोडं चढतंच. काळजी नको."

पाच मिनिटांनी ते म्हणाले, "अडतीस सहा. आज जरा जास्त चढतंय. चालतं पण."

त्यांची चूक नव्हती. मांडी तापवली की रक्त तापते, रक्ताने अंग तापते, हे ते रोज पाहत होते. ज्याने शंभर वेळा चढलेला आकडा उतरताना पाहिला आहे, तो एकशे एकाव्या वेळी कशाला दचकेल? त्या खोलीत फक्त एका बाईला माहीत होते की हा आकडा यंत्राचा नाही. आणि ती गप्प होती.

एकोणचाळीसला पहिली भावंडे फुटली. मी तेव्हा हृदयाच्या डाव्या कप्प्यात होते. आधी त्यांच्या भिंतीला मऊ खळगे पडले, मग चिरा गेल्या, आणि आतल्या लाल सुया वितळून बाहेर सांडल्या. समोर हृदयाचा स्नायू होता. नऊ वर्षे एक क्षण न थांबता राबलेला, कुणाचे काही वाकडे न केलेला. विष त्याच्या पेशींत घुसले. पेशी तडफडल्या, काहींची आतली वीज विझली. एक ठोका चुकला. पुढचा धावत आला आणि मागच्याला धडकला. माझीही भिंत मऊ झाली होती. आतली सुई भिंतीला टोचत होती. मी स्वतःला सांगत होते, इथे नाही, इथे नाही, इथे नाही.

बाहेर इन्स्पेक्टर म्हणाली, "आई, थंडी वाजते."

तिचे दात वाजत होते. सिस्टर लगेच जाड पांघरूण घेऊन आल्या. "एसीमुळे होतं असं. थांब, तुला मस्त गुंडाळते." त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढले, कडा खाली खोचल्या.

आणि आईने ते पांघरूण धरून ओरबाडून काढले. स्टूल आडवे झाले. सिस्टरचा हात झटकला गेला.

"अहो ताई!"

"नको! पांघरूण नको! ताप आहे तिला!" आई किंचाळली. "मशीनचा नाही, तिचा ताप आहे. सकाळी साडेअडतीस होता. मी औषध पाजलं. खोटं बोलले मी. ते बंद करा, आधी ते बंद करा!"

सिस्टरनी झटकन नळीची कळ दाबली. निम्मी पिशवी वरच राहिली. दादांचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला, तोच आईचे ओरडणे ऐकून दार ढकलून डॉक्टर मॅडम आत आल्या.

"थांबा! मशीन बंद करायचं नाही."

"मॅडम, अंगाचं एकोणचाळीस दोन—"

"म्हणूनच म्हणते. निम्मं औषध आत गेलंय. ते आता कुठेतरी उघडणारच. तुम्ही मांडी गार केलीत तर त्याला उघडायला ठरलेली जागाच उरणार नाही. मांडी गरम ठेवा. बाकीचं सगळं अंग गार करा. बर्फ आणा. फ्रीजमधलं सलाईन आणा. तापाचं इंजेक्शन भरा."

मग जे झाले ते बघवण्यासारखे नव्हते. काखांत बर्फाच्या पिशव्या, मानेला बर्फ, पोटावर ओली चादर. नळीतून बर्फासारखे सलाईन. तापाने कुडकुडणाऱ्या मुलीला वरून गारठवायचे! ती किंचाळली, पाय झाडू लागली. पाय हलला तर मांडीवरची गादी सरकणार.

"ताई, हात धरा तिचे," मॅडम म्हणाल्या. "घट्ट."

आईने सकाळी जसे दाबून धरले होते तसेच पुन्हा दाबून धरले. "सोड! सोड ना मला! सोड!" इन्स्पेक्टरने मान वळवली आणि आईच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दात रुतले, रक्त आले. आईने हात काढला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि तेही मुलीच्या कपाळावर नको म्हणून ती मान बाजूला करत होती, कारण अश्रू गरम असतात.

"तुम्हाला विचारलं होतं ना?" यंत्राच्या आकड्यांवरची नजर न काढता मॅडम म्हणाल्या.

"दोनदा परत पाठवलंत," आई म्हणाली. "दोन्ही वेळा ताप. आणि गाठ वाढत होती, मॅडम. मी रोज मोजत होते. शिवणाच्या टेपने. पाठ फिरवली की वाढत होती. महिन्यात दोन सेंटीमीटर. मला वाटलं, आज परत पाठवलंत तर..."

मॅडमनी पहिल्यांदाच आकड्यांवरची नजर काढली.

"टेपचं मला का नाही सांगितलंत?"

"हसाल असं वाटलं."

"ताप लपवलात ते चूकच. पण दोन सेंटीमीटर लपवलेत, तीही चूक. ते कळलं असतं तर घशाचं औषध देऊन मी तुम्हाला घरी पाठवलंच नसतं. इथेच ठेवलं असतं, ताप उतरल्या तासाला औषध दिलं असतं."

इकडे नदीत गार पाणी आले. मी तेव्हा पुन्हा हृदयाच्या दाराशी होते आणि माझ्या भिंतीला चीर पडली होती. सुईचे टोक बाहेर डोकावले होते. त्या गारठ्याने भिंत आकसली, चिरेचे ओठ मिटले. आत्तापर्यंत फ्रीजचा मला रागच होता. आज त्याच थंडीने मला खुनी होण्यापासून वाचवले.

"अडतीस सहा," दादा ओरडले. "अडतीस एक. सदतीस आठ!" त्यांचा आवाज फाटला होता. "मांडी एकेचाळीस एक. धरून ठेवलीय."

किंचाळणे थांबले. बराच वेळ नुसते हुंदके येत होते, त्यातले कुठले आईचे आणि कुठले मुलीचे ते मला सांगता येणार नाही. मग इन्स्पेक्टरचा घोगरा आवाज आला.

"आई, तुझ्या हाताला रक्त आलंय."

"असू दे."

"मी चावले?"

"हो. चांगलीच चावलीस."

"मी सांगणार होते त्यांना. मनात शंभर मोजत होते. अठ्ठ्याऐंशी झाले होते."

आईने मनगट पुसले.

"वही घे. माझा हात नळीसाठी बांधलाय, तू लिही. आई: खोटं बोलली."

पेन्सिलीचा आवाज.

"पुढे लिही, मग खरं बोलली. उशिरा."

"मार्क किती?"

"चार." थोडा विचार करून ती म्हणाली, "उरलेले सहा ताप उतरल्यावर."

सिस्टर एकदम हसल्या आणि लगेच नाक पुसू लागल्या. मॅडम हसल्या नाहीत. हृदयाच्या आलेखाची पट्टी हातात धरून त्या म्हणाल्या, "काही ठोके चुकलेत. हृदयाला किती लागलंय ते आज नाही कळणार. दर थोड्या दिवसांनी तपासत राहावं लागेल. तुम्ही वेळेवर बोललात असं मी म्हणणार नाही. पण बोललात."

मित्रांनो, माझ्याकडे आता थोडाच वेळ आहे. रक्तात प्रत्येक फाट्याला आपण कुठे जाणार ते आपल्या हातात नसते. कितीतरी फेऱ्या मी डोक्याकडे गेले, हातांकडे गेले, मूत्रपिंडाला वळसा घालून आले. या वेळी मात्र प्रवाह खाली वळला. कंबर गेली. उजवी वाट आली. आणि पाणी तापू लागले.

ही मांडी आहे. मी गाठीच्या आत आले आहे. इथल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या, वाकड्यातिकड्या, भिंतींना फटी असलेल्या. फटींतून मला पलीकडचे दिसते. इथल्या पेशी एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत, शेजारच्या चांगल्या पेशींना चिरडून त्यांचे अन्न ओरबाडून खात आहेत. मला त्यांचा राग यायला हवा. पण त्यासुद्धा याच मुलीच्या पोटच्या आहेत, वाढायचे कुठे थांबायचे ते विसरलेल्या, एवढेच मनात येते. तरी मी थांबणार नाही. माझ्या आधी आलेल्या बहिणी इथे फुटल्या आहेत. त्यांचे लाल विष पेशींत शिरले आहे आणि पेशी आतून तुटत आहेत, फुगत आहेत, फाटत आहेत. आज दिवसभरात मी पाहिलेल्या मारामाऱ्यांतली ही एकच मारामारी ठरल्या जागी चालली आहे.

जाता जाता एक मागणे आहे. मला सांभाळा असे मी म्हणत नाही, मी आता संपणारच. पण तुमच्या अंगात ताप असेल तर तो सांगा. औषध घेतले असेल तर घेतले म्हणून सांगा, आणि आई घाबरून गप्प बसली असेल तर शंभरापर्यंत मोजत बसू नका. आणि मोठ्या माणसांनो, घाबरलेली आई शिवणाची टेप घेऊन आली तर तिला हसू नका. आमच्यासारख्या पिशव्या कितीही शहाण्या केल्या तरी आम्हाला फक्त ऊब कळते. ती ऊब कशाची आहे, यंत्राची की तापाची, ते तुम्ही बोलल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

एकेचाळीस. माझी भिंत पातळ होते आहे. या वेळी मी तिला अडवत नाही.

बाहेर इन्स्पेक्टर विचारते आहे, "आई, आता किती?"

आई चावलेल्या हातात दुसरा तापमापक धरून उजेडाकडे करते आहे. "सदतीस सात," ती म्हणते. मग पुन्हा नीट बघते. "नाही. सदतीस आठ."

आकडा खरा आहे. मी उघडते.